खेळण्यातल्या गाड्यांच्या लढाईसाठी स्वस्तातला रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दर दुसऱ्या रविवारी दिवाण भिंतीकडे सरकतो, जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची फळी चढते आणि बोटभर लांबीच्या गाड्या एकमेकींना उडवायला निघतात. पहिल्यांदा आलेला माणूस गाड्यांबद्दल विचारत नाही. तो फळीवरच्या रस्त्यावर बोट फिरवतो आणि म्हणतो, "भाऊ, हे कुठून आणलं?" आणलं नाही, कापलं. मग पुढचे प्रश्न सुरू होतात, आणि तेही दर वेळी तेच. म्हणून नागपुरात बसून, नागपुरात मिळणाऱ्या सामानाने आम्ही जे करतो ते इथे लिहून ठेवलं आहे.

हा खेळ नेमका काय आहे?

खेळण्यातल्या छोट्या धातूच्या गाड्यांवर बंदुका, रॉकेट, टोकदार बंपर असं काहीबाही चिकटवायचं आणि टेबलावर त्यांची शर्यत किंवा मारामारी लावायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला 'कार वॉर्स' हा या घराण्यातला जुना खेळ. आमच्याकडे चालतो तो २०१७ मधला 'गॅसलँड्स'. त्यात गाडी इंच मोजून चालवत नाहीत. सरळ, हलकं वळण, काटकोनी वळण, नागमोडी अशा आकाराच्या पट्ट्या असतात. आपल्या गिअरला चालेल ती पट्टी गाडीपुढे ठेवायची आणि गाडी तिच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची. गिअर १ ते ६. वेगात वाकडंतिकडं काही केलं की धोक्याच्या सोंगट्या जमत जातात आणि सहा झाल्या की गाडीचा ताबा सुटतो. एवढं कळलं तरी खालचं सगळं समजेल.

नियमात रस्ता लागतच नाही. मग काहून करायचा?

बरोबर आहे, लागत नाही. उघड्या फळीवर चार डबे ठेवूनही खेळता येतं आणि आम्ही वर्षभर तसंच खेळलो. पण तेव्हा काय व्हायचं ते सांगतो. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्या गाड्या मधोमध येऊन एकमेकींभोवती गरगरायच्या, चकरीच्या झुल्यासारख्या. कोणाला कुठे जायचं आहे हे टेबलाकडे बघून कळत नव्हतं.

पहिला रस्ता अंथरला त्या दिवशी नियम एकही बदलला नव्हता, पण सगळे सरळ रेषेत पळू लागले. रस्ता सोडून कच्च्यात उतरायचं असेल तर माणूस दोनदा विचार करू लागला. वळणाच्या आतल्या कडेसाठी धक्काबुक्की सुरू झाली. पुस्तक न उघडता सगळ्यांना दिसणारा नियम म्हणजे रस्ता. त्यामुळे तो सुंदर असण्याआधी वाचता आला पाहिजे: कड कुठे संपते, लेन कुठे आहे, गाडी सपाट टेकली आहे की कलली आहे. खाली मी अनेक ठिकाणी "हे करू नका" म्हटलं आहे, त्याचं कारण जवळपास दर वेळी हेच.

रस्ता किती रुंद ठेवायचा?

या गाड्या साधारण १:६४ मापाच्या धरतात. आपल्याकडे महामार्गाची एक लेन ३.५ मीटरची असते. तिला ६४ ने भागलं की साडेपाच सेंटीमीटर. म्हणजे दोन लेनचा खरा रस्ता ११ सेंटीमीटर.

पण ११ चा करू नका. मी केला होता. गाडी तीन सेंटीमीटर रुंद, वळणाच्या पट्टीला जागा लागते, घसरली तर ती आडवी होते आणि आडवी झालेली सात सेंटीमीटरची गाडी अख्खा रस्ता अडवते. चार खेळाडूंच्या शर्यतीत दुसऱ्या फेरीला जो जाम लागला तो व्हरायटी चौकात संध्याकाळी सातलाही लागत नाही. तेव्हापासून २२ सेंटीमीटर, म्हणजे मापात चार लेन. दोन गाड्या शेजारी पळतात, तिसरी घुसू बघते आणि तिला जेमतेम जागा असते. हे जेमतेमच हवं आहे. ३० चा केला तर पुन्हा मैदानच होतं.

किती तुकडे कापावे लागतील?

इथे थोडा हिशेब करू, कारण बहुतेकांचे तुकडे टेबलाच्या बाहेर जातात ते इथल्याच चुकीने.

काटकोनी वळण धरा: आतली त्रिज्या १५ सेंटीमीटर, रस्ता २२, म्हणजे बाहेरची त्रिज्या ३७. चार बाय चार फुटांचं टेबल म्हणजे १२० सेंटीमीटर. दोन कोपऱ्यांतले ३७ आणि ३७ वजा केले की मधे उरतात ४६. त्यात ३० चा एक आणि १५ चा एक सरळ तुकडा बसतो, एक सेंटीमीटर हातचा राहतो. म्हणून सरळ तुकडे दोन मापांत कापायचे, ३० आणि १५.

सहा बाय चारवर लांब बाजू १८० ची, तिथे उरतात १०६. तीन तीसचे आणि एक पंधराचा, झाले १०५. म्हणजे पूर्ण गोलाकार शर्यतीसाठी ३० चे आठ, १५ चे चार आणि वळणं चार. एकूण सोळा तुकडे. हे सगळे आठ बाय चार फुटांच्या अर्ध्या शीटमधून निघतात, मात्र दुकानदाराला शीट आडवी, चार बाय चारची कापून मागा. लांबट दोन बाय आठ घेतलीत तर वळणांची मांडणी अवघड होते.

पहिल्याच दिवशी चौक आणि तिठा कापू नका. त्यांची गरज पडेपर्यंत तुमची मापं बदललेली असतील.

कशावर बनवायचा? पुठ्ठा, थर्माकोल, फ्लेक्स, एमडीएफ?

माझं मत सरळ आहे: तीन मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात तो पीव्हीसी फोमचा कडक बोर्ड. फ्लेक्स छापणाऱ्या, पाट्या बनवणाऱ्या कुठल्याही दुकानात असतो. कटरने कापला जातो, पाण्याने फुगत नाही, हलका आहे. पाटीवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. नवी शीट मागण्याआधी त्या ढिगाकडे बोट दाखवा. ३० बाय २२ चा तुकडा त्यांच्या दृष्टीने कचरा असतो.

पुठ्ठा चालतो, पण खोक्याचा पन्हाळीदार नाही. त्याची कड चेपते आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर गाडी अडते. वहीच्या मागे असतो तसा जाड करडा पुठ्ठा घ्या. एमडीएफ सगळ्यांत सपाट, पण जड, आणि वळणं कापायला जिगसॉ लागते. सुताराच्या ओळखीशिवाय त्यात पडू नका.

फ्लेक्सबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, कारण आपल्याकडे त्याला तोटा नाही. कोण्या भाऊंचा वाढदिवस झाला की तिसऱ्या दिवशी चौकातला बॅनर उतरतो आणि पाठीमागून काळा निघाला तर अर्धा रस्ता तयार असल्यासारखं वाटतं. मीही वाहवत गेलो होतो. अडचण अशी की फ्लेक्स मऊ राहावा म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू वर येतं. वर मारलेला रंग महिना-दोन महिन्यांनी चिकट होतो. गुंडाळलात तर तडकतोच, शिवाय ट्यूबलाइटखाली चमकतो. टेबल झाकायला खालचं अंथरूण म्हणून उत्तम. रस्ता म्हणून नाही.

थर्माकोल फक्त टेकड्या आणि चढ यांसाठी, आणि तोही टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला. त्याच्यावर स्प्रे मारू नका. स्प्रेमधलं थिनर त्याला खातं, डोळ्यांदेखत खड्डे पडतात. आधी फेविकॉल आणि रंग यांचा जाड थर द्या, तोही फटी न सोडता.

डांबर कसं दाखवायचं? सँडपेपर चिकटवू का?

जगभरचे लोक सँडपेपरच सांगतात. मी सांगणार नाही. तीन कारणं आहेत. काळ्या वॉटर पेपरचा ताव साधारण २३ बाय २८ सेंटीमीटरचा असतो. आपला तुकडा ३० चा, म्हणजे प्रत्येकावर दोन सेंटीमीटरचं ठिगळ. दुसरं, प्रत्येक कापाला ब्लेड बोथट. तिसरं आणि खरं: सँडपेपरचं काम घासणं आहे आणि तो ते सोडत नाही. आमच्या एका मित्राने लाल गाडी हौसेने रंगवली होती. दोन रविवार उलटून-पालटून खेळली आणि तिच्या छपराच्या कडेचा धातू दिसायला लागला.

मग काय करायचं? आधी हे बघा की डांबराचा खरखरीतपणा या मापात किती असतो. रस्त्यावरची २० मिलिमीटरची गिट्टी ६४ ने भागली की एक तृतीयांश मिलिमीटरही उरत नाही. म्हणजे कन्हानची रेती चिकटवलीत तर ती या गाड्यांसाठी नारळाएवढे धोंडे होतात. हवी ती क्रशरची, म्हणजे दगड फोडताना निघणारी चुरी. जिथे घराचं बांधकाम चालू आहे तिथून मूठभर मागून आणा, चहाच्या गाळणीतून चाळा आणि मग जुन्या मलमलच्या फडक्यातून पुन्हा चाळा. फडक्याखाली जी राखाडी पूड पडते, बोटांमधे घेतली तर कणीक वाटावी आणि चोळली तर किंचित कुरकुरावी, ती आपली.

पांढऱ्या इमल्शनमधे (भिंतीच्या रंगात) काळा स्टेनर, म्हणजे छटेसाठी मिसळायचा घट्ट रंग, थेंबाथेंबाने घालत गडद करडा रंग करा. एका वाटीला दोन चमचे फेविकॉल, दोन चमचे ही पूड. रुंद ब्रशने एक हात लांबीच्या दिशेने, वाळल्यावर दुसरा रुंदीच्या दिशेने, आणि तो ओला असतानाच भांडी घासायच्या स्पंजने हलकं थापटत जा. ब्रशच्या रेघा मोडतात आणि पृष्ठभाग डांबरासारखा टिपूस-टिपूस होतो. थापटताना स्पंज घासायचा नाही, फक्त टेकवायचा आणि उचलायचा. पहिल्या तुकड्यावर हात बसत नाही, म्हणून तो १५ चा घ्या.

पूर्ण काळा रंग मारू नका. काळ्यावर काळी चाकं दिसत नाहीत, सावली दिसत नाही, आणि खरा रस्ता दोन उन्हाळे खाऊन करडाच होतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिका करडा घेऊन चाकं जिथून जातात त्या दोन पट्ट्यांत हलका हात फिरवा. लेनच्या मधोमध ऑइल गळून जो काळपट पट्टा पडतो तो तसाच राहू द्या. एवढ्यानेच रस्ता वापरातला वाटतो. यासाठी दाढीचा जुना ब्रश मला महागातल्या ब्रशपेक्षा जास्त आवडतो.

मला नागपूरसारखा सिमेंट रोड हवा आहे. जमेल?

जमेल, आणि तो डांबरी रस्त्यापेक्षा सोपा आहे. इतका की नवीन माणसाला मी आता हाच करायला सांगतो. फिका करडा रंग, त्यात नखभर पिवळा. खऱ्या सिमेंट रस्त्यावर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे आपल्या मापात सात सेंटीमीटर. पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, काळं पाणी रेघेत सोडा, वरचं कापडाने पुसून घ्या. सांध्यात भरलेलं काळं तसंच्या तसं दिसतं. तीसच्या तुकड्यावर चार रेघा बसतात.

कडेला गट्टू (फूटपाथचे पेव्हर ब्लॉक) हवेच, नाहीतर तो नागपूरचा रस्ता वाटणार नाही. दोन मिलिमीटरच्या फोम शीटची दीड सेंटीमीटरची पट्टी घ्या आणि बारीक नागमोडी रेघा बॉलपेननेच उमटवा. लाल, करडा, लाल. एखादा गट्टू उपटलेला दाखवा, म्हणजे तो तुकडा ओळखीचा होतो.

सिमेंट रोडचा खेळातला फायदा असा की फिक्या रस्त्यावर गडद गाड्या उठून दिसतात. तोटा म्हणजे चहाचा डाग पण उठून दिसतो.

पांढरे पट्टे सरळ येत नाहीत.

हाताने येणारच नाहीत. मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या दोन मिलिमीटर सोडून चिकटवा, मधे पांढरा रंग स्पंजने थापटा. ब्रशने ओढलात तर टेपखाली शिरतो. शिरू नये म्हणून एक युक्ती: टेप लावल्यावर आधी रस्त्याचाच करडा रंग टेपच्या कडेवरून फिरवा. जे शिरायचं ते करडंच शिरतं आणि फट बुजते. मग पांढरा. रंग पूर्ण वाळायच्या आत टेप काढा, तुकड्याला जवळजवळ टेकवून, मागच्या दिशेने.

मी पाच सेंटीमीटर रेघ आणि पाच सेंटीमीटर मोकळं ठेवतो. त्याचं सौंदर्याशी काही देणंघेणं नाही. ३० ला दहाने भाग जातो, म्हणून प्रत्येक तुकडा अडीचच्या अर्ध्या रेघेने सुरू केला की तीसचा कुठलाही तुकडा तीसच्या कुठल्याही तुकड्याला जोडा, पट्टा जुळतो. तेवढं लक्षात ठेवा की १५ चा तुकडा रेघेने सुरू होऊन मोकळ्या जागेत संपतो, म्हणून ते जोडीने वापरावे लागतात किंवा थोडं दुर्लक्ष करावं लागतं. आम्ही दुर्लक्ष करतो.

झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा खऱ्यात अर्धा मीटर रुंद, इथे आठ मिलिमीटर.

माझे तुकडे वाळल्यावर वाकले. आता?

बसा. हे दुःख माझंही आहे.

पहिला पूर्ण संच मी करड्या पुठ्ठ्यावर केला होता, मे महिन्यात. सोळा तुकडे रंगवले आणि लवकर वाळावेत म्हणून दुपारी बाराला गच्चीवर मांडून ठेवले, कुरड्या घालतात तसे. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिसाच्या घरात. तासाभराने वर गेलो तर सोळाच्या सोळा तुकडे कडा वर करून बसलेले. अक्षरशः भाजलेले पापड. एकावर गाडी ठेवून बघितली, ती घरंगळत मधे आली आणि थांबली.

कारण साधं आहे. पाण्याच्या रंगाने पुठ्ठ्याची एक बाजू भिजते आणि फुगते, वाळताना रंगाचा थर आकसतो आणि त्या बाजूला ओढून घेतो. जितकं झटपट वाळेल तितकी ओढ जास्त. चितार ओळीतला मूर्तिकारही मातीची ओली मूर्ती उन्हात नेऊन ठेवत नाही, आणि मी मात्र शाळेत शिकलेलं बाष्पीभवन गच्चीवर सिद्ध करत बसलो होतो.

उपाय: पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्या, कडांनासुद्धा. सावलीत, पंख्याखाली वाळवा. हाताला कोरडं लागलं की वर्तमानपत्रात घालून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दोन रात्री ठेवा. आधीच वाकले असतील तर पाठीवर ओलं फडकं फिरवून पाठीलाही रंग द्या आणि वजनाखाली ठेवा, बरेचसे सरळ होतात. माझे सोळापैकी अकरा झाले. उरलेले पाच मी उलटे करून चढ म्हणून वापरतो.

सनबोर्ड असा वाकत नाही, पण उन्हातल्या बंद कारच्या मागच्या सीटवर ठेवलात तर तोही मऊ पडून आकार सोडतो.

रस्त्याच्या कडेला काय ठेवायचं?

हा सगळ्यात मजेचा भाग आणि यात एक रुपयाही घालू नका.

झुडपांसाठी कूलरचं जुनं गवत. दर वर्षी होळीनंतर अख्खं नागपूर कूलरच्या ताट्यांमधलं गवत बदलतं आणि जुनं फाटकाबाहेर पडलेलं असतं. त्या लाकडाच्या बारीक, कुरळ्या साली वाळलेल्या रानझुडपासारख्या दिसतात, रंगवायचीही गरज नाही. फक्त एक करा. आपल्याकडच्या पाण्याने त्यावर पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला असतो आणि कुठे कुठे शेवाळ. बादलीभर पाण्यात दोन चमचे निंबूसत्त्व टाकून रात्रभर भिजवा, खळखळून धुवा आणि हे मात्र कडक उन्हात वाळवा. मग कात्रीने बारीक करून फेविकॉलवर चिमटीने लावा.

टायरसाठी नळाचे काळे रबरी वायसर (वॉशर). ट्रकचा टायर साधारण मीटरभर व्यासाचा, म्हणजे आपला दीड सेंटीमीटर, आणि अर्ध्या इंची नळाचा वायसर तेवढाच भरतो. तीन-चार एकावर एक चिकटवले की वळणावरचा अडथळा तयार. प्लंबरकडे झिजलेले फुकट मिळतात आणि झिजलेलेच चांगले दिसतात.

दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे वाळलेल्या स्केचपेनचा चौदा मिलिमीटरचा तुकडा. कंटेनर म्हणजे टूथपेस्टचा मोठा खोका: चाळीस फुटी कंटेनर या मापात १९ सेंटीमीटर लांब येतो, खोकाही साधारण तेवढाच. अर्धा कापला की वीस फुटी. आत रेती भरून बंद करा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि मग "मी धडक मारली होती" अशी भांडणं होतात. दुभाजकासाठी आइसक्रीमच्या काड्या, उभ्या चिकटवून काळे-पांढरे पट्टे.

मैलाचे दगड खोडरबराचे करा, डोक्याकडून गोल कापून. राष्ट्रीय महामार्ग असेल तर माथा पिवळा, राज्य महामार्ग असेल तर हिरवा. आमच्या रस्त्याचे माथे पिवळे आहेत. नागपुरातून ४४ आणि ५३ असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदून जातात. त्यातला कुठला, यावर आमच्यात एकमत नाही.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रस्त्यात बसवायचा मोह प्रत्येकाला होतो. बसवून बघा. या मापात तो डायनासोर दिसतो.

झिरो माइल करता येईल का? आणि डबल डेकर पूल?

झिरो माइल, म्हणजे सीताबर्डीजवळचा अंतरं मोजायचा जुना स्तंभ, नक्की करा. मधोमध खांब आणि चार घोडे. खांब खडूच्या जाड कांडीचा, तासून. घोडे प्रवासी बुद्धिबळाच्या संचातले, दोन पांढरे आणि दोन काळे मिळतातच, चौघांना एकच वाळूचा रंग द्या. शर्यत त्याला वळसा घालून न्यायची. मांडणी इतकी ओळखू येते की बघणारा लगेच "अरे, बर्डी!" म्हणतो.

डबल डेकरचा मात्र नाद सोडा. वर्धा रोडवरचा तो पूल, खाली रस्ता, मधे गाड्यांचा फ्लायओव्हर आणि वर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा आहे. आपल्या मापात ४९ मीटर. तुकडाभर करू म्हटलं तरी खरी अडचण लांबीची नाही, हाताची आहे. रस्त्यावरच्या पुलाखाली साडेपाच मीटर उंची सोडतात, म्हणजे इथे साडेआठ सेंटीमीटर. त्यात गाडी जाते, पण पट्टी धरलेली मूठ जाताना खांब पाडते. पूल हवाच असेल तर एकच मजला करा, १२ सेंटीमीटर उंच, आणि वरचा रस्ता न चिकटवता नुसता ठेवा. गाडी खाली गेली की तो उचलून बाजूला घ्यायचा. समृद्धी महामार्गाबद्दलही एकाने विचारलं होतं. ७०१ किलोमीटर, ६४ ने भागा, अकरा होतात. हॉल तेवढा मोठा नाही.

खड्डे खणायचे की रंगवायचे?

रंगवायचे. खणलेल्या खड्ड्यात चाक अडकतं, गाडी कलते, पट्टी सपाट बसत नाही आणि मग गाडी नेमकी कुठे आहे यावर वाद होतो. मधे गडद, कडेला फिका, एका बाजूला चुरीची चिमूट, एवढं पुरे. पाणी भरलेला खड्डा हवा असेल तर वर पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका. खड्ड्यावरून गेलं की एक धोक्याची सोंगटी, असा आमचा घरचा नियम आहे. सहा खड्ड्यांच्या वर नको. आमच्यातल्या एकाने वास्तवाच्या नावाखाली एकाच तुकड्यावर अकरा रंगवले, त्या बाजूला कोणी गाडीच नेईना.

सामान कुठून घ्यायचं आणि एकूण खर्च किती?

सनबोर्ड घराजवळच्या पाटीवाल्याकडून. स्टेनर आणि इमल्शन गल्लीतल्या पेंटच्या दुकानातून. इमल्शन अख्खा डबा घेऊ नका, घर रंगवून झालेल्या शेजाऱ्याकडे पावभर उरलेलं असतंच. फोम शीट, मास्किंग टेप, कटरची पाती स्टेशनरीच्या दुकानात. डझनाने घ्यायचं असेल आणि वेळ असेल तर इतवारीत जा, दोन मित्र मिळून. एका संचासाठी इतवारीपर्यंत पेट्रोल जाळणं परवडत नाही.

माझा दुसरा संच, सोळा तुकडे आणि कडेचं सामान धरून, साडेचारशे रुपयांच्या आत झाला. त्यात निम्म्याहून जास्त सनबोर्डचे होते. नवी अर्धी शीट आणि विकतचा रंग घेतलात तर सातशे-आठशे धरा. त्याच्या पुढे गेलात तर तुम्ही चुकीच्या दुकानात उभे आहात.

मुलांना सोबत घेऊ का?

घ्या. कापायचं काम सोडून सगळं त्यांना द्या. स्पंजने थापटणं आणि वायसरचे टायर रचणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. वळण कापताना मात्र एका दमात कटर दाबू नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. आणि घरातल्या पोराच्या गाड्या न विचारता रंगवायला घेऊ नका. माझ्या पुतण्याची पिवळी पिकअप मी गंजलेली केली, खूप छान झाली होती. तो अजूनही ती 'खराब केलेली' म्हणतो.

ठेवायचे कसे?

चपटे, दिवाणाखाली, मधे वर्तमानपत्राचा कागद घालून. नुसते एकमेकांवर ठेवले तर उन्हाळ्यात रंग रंगाला चिकटतो आणि सोडवताना पांढरा पट्टा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. पावसाळ्यात झुडपांच्या फेविकॉलवर बुरशी धरते, म्हणून ती वेगळ्या डब्यात, निंबाचा वाळलेला पाला टाकून. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मार्करने माप लिहा आणि कुठली बाजू बाहेरची ते बाणाने दाखवा. आमच्याकडे बाणाच्या शेजारी त्या तुकड्यावर कोण कोण उलटलं त्यांची आद्याक्षरंही आहेत. वळण क्रमांक तीनची पाठ भरत आली आहे.